हाताचे सांधे घरी कसे तपासावेत: खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत

‘हात दुखतो’ असे सांगत माणूस समोर बसतो, आणि नेमका कुठे असे विचारले की दुसऱ्या हाताचा तळवा मानेपासून मनगटापर्यंत फिरवून दाखवतो. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळा हातच असतो. दंड, कोपर, मनगट, पंजा हे शब्द सगळ्यांना ठाऊक असले तरी दुखणे सांगताना ते ओठांवर येत नाहीत. नागपुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसत आली आहे, ती अशी की हाताचा एखादा सांधा आखडू लागला की त्याचे काम शेजारचा सांधा गुपचूप उचलतो आणि माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. फळीवरचा डबा निघतो, वेणी घातली जाते, स्कूटरही चालते. ज्या दिवशी शेजारचा सांधाही थकतो, त्या दिवशी ‘काल रात्रीपासून हात वर जात नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस येतो, आणि तपासल्यावर कळते की सांध्याची निम्मी हालचाल केव्हाच गेलेली आहे. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला हा उशीर फार महागात पडतो. म्हणून प्रत्येक सांधा शेजाऱ्यापासून सुटा करून कसा पाहावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

तपासणीची तयारी

लागणारे साहित्य घरात असतेच: मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक, दोन सरळ पट्ट्या, आरसा, बिनहातांची खुर्ची, लहान टॉवेलची गुंडाळी, पेन्सिल आणि वही. फोनमध्ये उतार मोजणारे अ‍ॅप असेल तर काम आणखी सोपे होते, कारण फोन दंडावर सपाट धरला की कोन थेट आकड्यात दिसतो. खांदा तपासताना अंगात बिनबाह्यांचा कपडा असावा. सैल सदऱ्याखाली खांद्याचे पाते कसे सरकते ते दिसत नाही. घरातले आणखी एक माणूस मदतीला हवे, कारण काही हालचाली दुसऱ्याने करवून घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या सकाळी अंग आखडलेले असते, तेव्हा अंघोळीनंतर किंवा उन्हात थोडे बसल्यानंतर तपासावे, आणि पुढच्या वेळीही तीच वेळ ठेवावी.

नेहमी आधी चांगला हात तपासावा आणि मग दुखरा. पुस्तकातले अंश हा केवळ अंदाज असतो. तुमच्या हाताचे खरे माप तुमच्या दुसऱ्या हाताकडे आहे. प्रत्येक हालचाल आधी स्वतः करावी आणि जिथे हात थांबेल तिथून पुढे मदतनिसाने अगदी हलकेच नेऊन पाहावे. आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो सहज जातो, अशा वेळी दोष बहुधा स्नायूत, त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत किंवा मज्जातंतूत असतो. दोघांनाही तो त्याच जागी अडलेला आढळला, तर सांधाच आखडला असण्याची शक्यता मोठी. ही एक खूणगाठ बांधून ठेवली तरी तपासणीचे अर्धे काम झाले. दुखू लागले की तिथेच थांबावे; जोर लावून चार अंश जास्त मिळवण्यात काहीही हशील नाही. पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर हात वाकडा दिसत असेल, भराभर सुजला असेल किंवा बोटे बधिर पडली असतील, तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

सांध्याच्या रचनेविषयी थोडक्यात सांगायचे, तर हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती पिशवीसारखे आवरण असते, आवरणाच्या आत वंगणासारखा द्रव असतो, आणि अस्थिबंध नावाच्या चिवट पट्ट्या हाडाला हाड बांधून ठेवतात. स्नायू ज्या दोरीने हाडाला जोडलेला असतो ती कंडरा. एका हातात, खांद्याचे पाते आणि गळ्याखालचे आडवे हाड धरून, ३२ हाडे असतात. त्यातली २७ मनगटापासून पुढे आहेत.

खांदा: एक नव्हे, चार सांधे

शाळेत आपण खांद्याला उखळीचा सांधा म्हणून शिकतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र ही उखळ फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि पात्यावरची खळगी लहान, इतकी की एका वेळी माथ्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा खळगीला टेकलेला असतो. म्हणूनच खांदा शरीरातल्या कोणत्याही सांध्यापेक्षा जास्त फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही सर्वांत जास्त. माथा खळगीत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः पात्यावरून निघणारे चार स्नायू करतात, ज्यांच्या कंडरा मिळून माथ्याभोवती बाहीच्या कफासारखा वेढा घालतात.

पहिली पायरी म्हणून गळ्याखालच्या मधल्या खोलगट जागेवर बोट ठेवावे आणि तिथून किंचित बाजूला सरकावे. आडव्या हाडाचे, म्हणजे जत्रुकाचे, जाडसर टोक बोटाला लागेल. बोट तिथेच ठेवून दुसरा हात बाजूने वर न्यावा. ते टोक बोटाखाली फिरताना जाणवते. संपूर्ण हात धडाला हाडाने जोडणारा सांधा एवढाच. बाकी सारा हात स्नायूंनी तोललेला असतो. जत्रुकावरून बोट बाहेर सरकवत नेले की खांद्याच्या टोकाशी एक लहानशी पायरी लागते, तो पात्याशी जुळणारा दुसरा सांधा. स्कूटरवरून खांद्यावर पडलेल्या माणसाची ही पायरी दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसली, तर तिथले अस्थिबंध फाटल्याची शंका घ्यावी.

दुसऱ्या पायरीला मदतनीस लागतो. त्याने तुमच्या पाठीमागे उभे राहून खवाट्याच्या, म्हणजे पात्याच्या, खालच्या टोकाला अंगठा लावून ठेवावा. आता कोपर सरळ ठेवून, अंगठा पुढे रोखून, हात सावकाश बाजूने वर न्यावा. सुरुवातीचे साधारण ३० अंश पाते जवळपास जागचे हलत नाही. मग ते बाहेर आणि वर फिरू लागते. हात कानाला लागतो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश उखळीच्या सांध्यात झालेले असतात आणि ६० अंश पात्याने बरगड्यांवरून सरकून दिलेले असतात. म्हणजे मोठ्या सांध्याच्या दोन पावलांमागे पात्याचे एक पाऊल. हे प्रमाण बिघडले की आजार ओळखता येतो: उखळीचा सांधा आखडला असेल, तर हात उचलायला लागताच पाते आणि खांदा दोन्ही कानाकडे चढतात. आरशात समोरून पाहिले तर माणूस एका बाजूने खांदे उडवतो आहे असे वाटते.

माझ्या आईच्या बाबतीत हे माझ्याच नजरेतून सुटले. ती वरच्या फळीवरून शेवेचा डबा काढताना टाचा उचलायची, कंबर डावीकडे झुकवायची आणि मग उजवा हात डब्याला लावायची. ही तिची जुनी लकब असावी असे मी धरून चाललो होतो. एका दिवाळीच्या आधी तिला पाठीवरचा हुक लावता येईना, तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवून पाते धरले आणि हात उचलून पाहिला. उखळीच्या सांध्यातून जेमतेम ७० अंश मिळत होते. बाकीचे पाते, कंबर आणि टाचा पुरवत होत्या. तेव्हापासून मी कोणाचाही खांदा उभ्याने पाहत नाही. खुर्चीवर बसवून, पाठ टेकवूनच पाहतो, म्हणजे कंबर आणि टाचांची मदत आपोआप बंद होते. तुम्हीही तसेच करावे.

तिसरी पायरी हा एक लहानसा प्रयोग आहे आणि तो दुखरा नसलेल्या खांद्यावरच करावा. हात शरीरालगत सोडून तो आतल्या बाजूला इतका पिळावा की तळवा मागे आणि बाहेर वळेल, आणि तो पीळ न सोडता हात बाजूने वर उचलावा. खांद्याच्या उंचीच्या आसपास तो अडकतो. आता तिथल्या तिथे तळवा आकाशाकडे करावा. अडथळा निघून जातो आणि हात कानापर्यंत पोहोचतो. दंडाच्या हाडाच्या माथ्याशेजारी एक उंचवटा असतो. हात आत पिळलेला असताना तो पात्याच्या छज्जासारख्या टोकावर आपटतो, आणि बाहेर पिळला की त्याच्या मागून निसटतो. पंख्याची पाती पुसताना किंवा भिंतीला रंग देताना तळवा खाली ठेवून हात सतत डोक्यावर चालवणाऱ्यांच्या खांद्यात कळ का येते, ते यावरून समजते. छज्जा आणि उंचवटा यांच्यामध्ये कफाची कंडरा चिमटली जाते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. टॉवेलची गुंडाळी कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये धरावी, कोपर काटकोनात वाकवावा, आणि गुंडाळी पडू न देता पंजा बाहेरच्या बाजूला उघडावा, जणू दाराची एक फळी उघडतो आहोत. निरोगी खांद्यात ही हालचाल साधारण ६० ते ९० अंश होते. गुंडाळी नसेल तर कोपर अंगापासून सुटतो आणि फसवा आकडा मिळतो. खांदा गोठतो, ज्याला सगळेच आता फ्रोजन शोल्डर म्हणतात, तेव्हा बहुधा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त हीच हालचाल जाते. त्यानंतर हात बाजूने वर जाणे आणि मग पाठीमागे जाणे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हा आजार अधिक दिसतो, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर इतरांपेक्षा बराच जास्त. माझा आग्रह असा आहे की मधुमेही माणसाने साखर तपासायला जातो त्याच दिवशी ही एक पायरी घरी करावी. दोन्ही बाजूंत २० अंशांचा फरक दिसला तरी दुखण्याची वाट पाहू नये.

पाठीमागे हात नेणे ही पाचवी पायरी. अंगठा वर करून पंजा पाठीवरून जितका वर जाईल तितका न्यावा आणि अंगठ्याचे टोक कुठे पोहोचले ते मदतनिसाने पाहावे: कंबरेला, त्याच्या वर, की पात्याच्या खालच्या टोकापर्यंत. ते टोक साधारण सातव्या छातीच्या मणक्याच्या पातळीवर असते, त्यामुळे खुणेला चांगले. उजव्या हाताने काम करणाऱ्या पुष्कळ लोकांचा डावा अंगठा उजव्यापेक्षा थोडा वर पोहोचतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. डाव्या खांद्यात किंवा दंडात कळ आहे, पण हात कसाही हलवला तरी ती कमी-जास्त होत नाही, आणि सोबत छातीत दडपण, घाम किंवा दम लागणे आहे, तर ते सांध्याचे दुखणे समजू नये. ते हृदयाचे असू शकते आणि त्यात एकेक मिनिट मोलाचे असते.

कोपर

कोपराला गूळ लावणे, हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याची शरीराची जाण पक्की होती. कोपर हा बिजागरीचा सांधा. तो कितीही दुमडला तरी खांदा आणि कोपर यांच्यातले अंतर, म्हणजे दंडाच्या हाडाची लांबी, तसूभरही बदलत नाही. तोंड मात्र खांद्याच्या फार जवळ आहे. त्यामुळे बहुतेकांच्या कोपरावरचा गूळ जिभेपासून चार बोटे दूरच राहतो.

कोपर तपासताना आधी तीन हाडांच्या खुणा शोधाव्यात: आतला उंचवटा, बाहेरचा उंचवटा आणि मागचे टोक. हात सरळ असताना या तिन्ही खुणा एका आडव्या रेषेत येतात. कोपर काटकोनात वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. कोपराचा सांधा निखळला की हा त्रिकोण मोडतो. हाड सांध्याच्या वर, दंडात, मोडले असेल तर त्रिकोण शाबूत राहतो. डॉक्टर ही खूण फार जुन्या काळापासून वापरत आले आहेत. आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीतून एक मज्जातंतू थेट कातडीखालून जातो. कोपर दाराला आपटला की करंगळीपर्यंत जो झटका बसतो तो त्याचाच.

मोजण्यासाठी दंड टेबलावर टेकवावा. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश. तिथून साधारण १४० ते १५० अंशांपर्यंत कोपर वाकतो. सरळ होताना शेवटी हाडावर हाड टेकून टणक थांबा लागतो, आणि वाकताना दंडाच्या मांसावर मांस टेकून मऊ थांबा लागतो. टणक जागी मऊ किंवा मऊ जागी टणक थांबा जाणवला, तर आत काहीतरी अडते आहे असे समजावे. रोजची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होऊन जातात, म्हणून कोपर शेवटचे १५-२० अंश सरळ होत नाही हे लोकांच्या लक्षातही येत नाही; दोन्ही हात पुढे करून, तळवे वर ठेवून, आरशात पाहिले की लगेच दिसते. सरळ हात धडापासून थोडा बाहेर झुकलेला असतो. हा झुकाव बायकांत पुरुषांपेक्षा बहुधा जास्त असतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असला तर तो अगदी स्वाभाविक आहे.

लहान मुलांविषयी एक कळकळीची सूचना आहे. चार-पाच वर्षांखालील मुलाला एका हाताने लोंबकळत उचलू नये, रस्ता ओलांडताना हिसका देऊन ओढू नये. कोपरातल्या अंगठ्याकडच्या हाडाचा माथा ज्या कड्यासारख्या अस्थिबंधात बसलेला असतो, त्यातून तो ओढ बसून सरकतो. मूल रडते आणि हात किंचित वाकवून, पालथा धरून, हलवायचे सोडून देते. जाणकार डॉक्टर ते क्षणात बसवतात, मात्र घरी कोणी ओढाताण करून पाहू नये.

उताणा आणि पालथा

कोपराखालच्या हाताला पुस्तकात अग्रबाहू म्हणतात. त्यात दोन हाडे शेजारी शेजारी असतात. करंगळीच्या बाजूचे हाड कोपरापासून मनगटापर्यंत कातडीखाली धारेसारखे हाताला लागते. त्यावर दुसऱ्या हाताची बोटे ठेवून तळवा उताणा-पालथा करावा: ते हाड जवळपास स्थिर राहते आणि अंगठ्याकडचे हाड त्याच्यावरून ओलांडून पलीकडे जाते. हात उताणा असताना दोन हाडे समांतर, पालथा असताना एकमेकांवर तिरकी. हे फिरणे कोपराजवळच्या आणि मनगटाजवळच्या अशा दोन सांध्यांत एकाच वेळी होते, त्यामुळे मनगटाचा अस्थिभंग वाकडा जुळला तरी हात उताणा होणे बंद पडते.

नागपूरकरांना ही हालचाल डोळे भरून पाहायची असेल, तर लंबी रोटी करणाऱ्या बाईसमोर पाच मिनिटे उभे राहावे. सैल कणीक परातीत आपटून आपटून तार धरू लागली की ती एक गोळा उचलते आणि या हातावरून त्या हातावर टाकत जाते. प्रत्येक झेल उताण्या हाताने, प्रत्येक सोडणे पालथ्या हाताने. चार-सहा फेऱ्यांत रोटी तळव्यापासून कोपरापर्यंत पसरते आणि मग उपड्या, तापलेल्या मडक्यावर जाते. तिच्या खांद्यांकडे पाहा: ते वर चढत नाहीत, कोपर अंगालगत राहतात, सारे काम अग्रबाहू फिरवण्यातून होते. आपल्यालाही तपासताना नेमके हेच साधायचे आहे.

म्हणून कोपर कंबरेला टेकवून काटकोनात ठेवावा आणि मुठीत पेन्सिल उभी धरावी. पेन्सिल बाहेर आडवी झाली म्हणजे हात उताणा झाला, आत आडवी झाली म्हणजे पालथा. दोन्हीकडे साधारण ८० अंश मिळावेत. रोजच्या कामाला दोन्हीकडचे ५०-५० अंश बहुधा पुरतात. पालथेपणा कमी झाला तर माणूस कोपर अंगापासून दूर नेऊन तूट भरून काढतो. लिहिताना कोपर पंखासारखा बाहेर जातो. उताणेपणाची तूट अशी सहज भरून निघत नाही. देवळात तीर्थ घेताना ज्याच्या तळव्यावर पळीभर पाणी ठरत नाही, त्याने ही पायरी अवश्य करावी.

जाता जाता एक प्रयोग: कोपर वाकवून, दुसरा हात दंडाच्या बेटकुळीवर ठेवून, स्क्रू घट्ट पिळल्यासारखा उजवा हात उताणा करावा. बेटकुळी टणक होते. हा स्नायू कोपर वाकवतो हे सर्वांना माहीत असते, पण हात उताणा करण्याचाही तो मोठा बळकट स्नायू आहे. उजव्या हाताने स्क्रू सोडण्यापेक्षा पिळणे सोपे जाते ते त्याच्यामुळेच.

मनगट

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात आणि त्यांच्या एकत्रित सरकण्यातून मनगटाची हालचाल घडते. मनगट मागे सुमारे ७० अंश, पुढे सुमारे ८०, अंगठ्याकडे २० आणि करंगळीकडे ३० अंश झुकते. घरी मोजण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे नमस्कार. तळवे छातीसमोर पूर्ण जोडावेत आणि ते न सुटू देता दोन्ही कोपर बाजूला उचलत जावे. ज्या बाजूचा तळव्याचा खालचा भाग आधी सुटतो, ते मनगट आखडलेले. उलट तपासणीसाठी पंजांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटे खाली करून, कोपर खाली आणावेत. ही उलटी स्थिती एक मिनिट धरल्यावर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या आल्या, आणि रात्री याच बोटांत बधिरपणा येऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातून जाणारा मज्जातंतू दाबला जात असल्याची शक्यता असते. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

मनगट पुढे पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहा: जोर येतच नाही. मनगट थोडे मागे झुकवले की तीच मूठ घट्ट होते. बोटे मिटवणारे मोठे स्नायू अग्रबाहूत असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून जातात. मनगट पुढे वाकले की या कंडरा सैल पडतात, आणि पंजाच्या पाठीवरच्या कंडरा ताणून बोटांना पुरते मिटू देत नाहीत. कूलरसाठी पाण्याच्या बादल्या उचलताना आणि दुचाकीचा क्लच दाबताना मनगट किंचित मागे ठेवण्याचा सल्ला मी याचसाठी देतो.

दुचाकीवरून घसरून हात टेकलेल्या तरुणांनी एक जागा जरूर दाबून पाहावी. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन कंडरांमध्ये एक खळगा पडतो. तिथे खोल दुखत असेल, तर पहिला एक्स-रे साफ आला तरी निर्धास्त होऊ नये. तिथल्या नावेच्या आकाराच्या हाडाची चीर सुरुवातीला दिसतच नाही असे पुष्कळदा घडते, आणि त्याच्या एका भागाला रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे.

अंगठा आणि बोटे

अंगठ्याच्या मुळाशी खोगिरी सांधा आहे: दोन हाडे एकमेकांवर घोड्याच्या खोगिरासारखी बसलेली. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर जातो आणि वळून बाकीच्या बोटांच्या समोर उभा राहतो. संत्रे सोलताना अंगठा सालीखाली घुसतो आणि चारही बोटे फळ तोलून धरतात, ती हीच समोर येण्याची करामत. ती मोजण्याची एक सोपी पद्धत फ्रेंच शल्यचिकित्सक कपांजी यांनी १९८६ साली मांडली: अंगठ्याचे टोक क्रमाने तर्जनी, मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या टोकांना लावायचे, मग करंगळीच्या पेरांवरच्या रेषा उतरत तिच्या मुळापर्यंत आणि शेवटी तळहातावरच्या आडव्या रेषेपर्यंत न्यायचे. तिथे पोहोचले की १० पैकी १० गुण.

बोटांच्या प्रत्यक्ष पेरांत मांसल स्नायू नसतात. मुठीचा जोर अग्रबाहूतून येतो, बारीक कामाचे लहान स्नायू तळहातात असतात, आणि बोटात शिरतात त्या केवळ कंडरा. बोटांच्या मुळाचा सांधा सुमारे ९० अंश, मधला १०० अंशांच्या आसपास आणि टोकाचा ८० अंशांच्या आसपास वाकतो. पाचही बोटे सारखी नसली, तरी मूठ वळली की चार बोटांची टोके तळहातावर जवळपास एका ओळीत टेकतात. एखादे टोक अंतर राखून राहिले, तर ते अंतर पट्टीने मोजून लिहावे. बोटे सरळ असताना फाकतात, पण मुळाशी काटकोनात वाकवल्यावर फाकत नाहीत, कारण वाकलेल्या स्थितीत बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. तो दोष नाही. मधले बोट दुमडून पंजा टेबलावर ठेवला तर अनामिका उचलत नाही, तोही दोष नाही. पंजाच्या पाठीवर त्यांच्या कंडरा एकमेकींना बांधलेल्या असतात.

संक्रांतीच्या दिवसांत मात्र बोटांची एक तपासणी प्रत्येक घराला यायला हवी. मांजाने, विशेषतः नायलॉनच्या, बोट समोरून कापले की जखम अरुंद दिसते, रक्त थांबते, पट्टी बांधून मुले पुन्हा गच्चीवर ‘ओ काट’ करायला पळतात. तो धागा कंडरेपर्यंत गेला आहे का, हे असे पाहावे: जखमी बोटाचे मधले पेर दुसऱ्या हाताने सरळ धरून मुलाला फक्त टोक वाकवायला सांगावे. मग बाकीची तिन्ही बोटे सरळ दाबून धरावीत आणि जखमी बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगावे. पहिली हालचाल खोल कंडरेची, दुसरी वरच्या कंडरेची. यांतली एखादी जरी होत नसेल, किंवा होते पण फार दुखते, किंवा बोटाचे टोक बधिर आहे, तर त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या रुग्णालयांत किंवा जवळच्या ज्या रुग्णालयात हाताची शस्त्रक्रिया होते तिथे न्यावे. तुटलेली कंडरा पहिल्या काही दिवसांत जोडली तर बोट वाचते. आठवडे उलटल्यावर तेच काम फार अवघड होते.

नोंद

वहीत तारीख, बाजू, स्वतः केलेली हालचाल आणि मदतनिसाने करवलेली हालचाल असे चार रकाने आखावेत. खांद्यासाठी भिंतीचाही उपयोग होतो: भिंतीकडे तोंड करून, टाचा जमिनीला आणि छाती भिंतीपासून वीतभर दूर ठेवून, दोन बोटांनी भिंतीवर चालत वर जावे आणि जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलची रेघ मारावी. आईच्या खोलीत कपाटाशेजारच्या भिंतीवर अशा रेघा आहेत. पहिल्या दोन महिन्यांतल्या जवळपास एकमेकींवर पडलेल्या आहेत, तिसऱ्यापासून त्या बोटभर अंतराने वर सरकू लागल्या. आठवड्यातून एकदाच मोजावे, रोज मोजून जीव टांगणीला लावू नये. चार आठवड्यांत रेघ हलली नाही, रात्रीची झोप मोडू लागली किंवा चांगल्या हाताशी असलेला फरक वाढत गेला, तर ही वही सोबत घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. ‘हात दुखतो’ याऐवजी ‘उजवा खांदा बाहेरच्या बाजूला २५ अंशच उघडतो, आणि दुसऱ्याने नेला तरी तेवढाच’ असे सांगता आले, तर त्यांचेही काम तिथूनच सुरू होते.